एफडी मोडू नका, पण लेकीला मोडीतही काढू नका

या वेळचं पत्र थोडं आटोपशीर करून देते :

“माझी मुलगी इथेच विद्यापीठात झूलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या जानेवारीत तिला कोस्टारिकाला जायचंय. तिथे जंगलातल्या संशोधन केंद्रात राहून इकॉलॉजीचं एक सेमिस्टर, चार महिन्यांचं. फी, राहणं-जेवण, विमान, विमा सगळं धरून बावीस लाख. पदवी नाही, गुणपत्रक आणि थोडी क्रेडिट्स. आमचे हे म्हणतात, ‘जंगलातच फिरायचं तर इथल्या जांबुघोड्याच्या अभयारण्यात एसटीने जा.’ सासूबाई उलट म्हणतात, सयाजीराव महाराज असते तर त्यांनी स्वतः पाठवलं असतं पोरीला. माझ्या आईने ठेवलेली एक एफडी माझ्या नावावर आहे. ती मोडली तर जमतं. पण मला रात्र-रात्र झोप नाही. साप, नद्या, आजारपण, परका देश. एकदा ‘नाही’ म्हणून गेले, तर आठ दिवस झाले, लेक माझ्याशी धड बोललेली नाही. काय करू? — एक आई, कारेलीबाग, बडोदा”

ताई, निकाल आधी सांगते, म्हणजे तुम्हाला आज तरी झोप लागेल. एफडी मोडू नका. या जानेवारीसाठी तर मुळीच नको. तुमच्या यजमानांचं जांबुघोड्याचं वाक्य मात्र मला टोचलं, आणि त्यात अर्धं खरं आहे म्हणून जास्तच टोचलं. ते अर्धं कोणतं ते पुढे येईलच. हे उत्तर तिघांनाही वाचायला द्या. लेकीला सगळ्यात आधी.

मी बडोद्यातच पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. तुमच्या लेकीसारख्या मुली दर दोन-तीन वर्षांनी वर्गात एखादी यायची. डबा खाताना खिडकीबाहेर बघणारी, दयाळाचा आवाज आला की वही बंद करणारी. त्यातल्या निम्म्या पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेल्या. तिथे वाईट काही नाही, पण त्यांना जायचं तिथे नव्हतं. म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

ही सेमिस्टरं म्हणजे सहल असते असं तुमच्या घरात वाटतंय, ते आधी दुरुस्त करते. कोस्टारिकात हे काम फार जुनं आहे. १९६३ साली अमेरिकेतली काही विद्यापीठं आणि कोस्टारिकाचं विद्यापीठ यांनी मिळून ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज’ नावाची संस्था काढली, कारण उष्ण प्रदेशातलं जंगल थंड देशातल्या वर्गात बसून शिकवता येत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांची तीन केंद्रं आहेत : ला सेल्वा, लास क्रूसेस आणि पालो वेर्दे. ला सेल्वा म्हणजे साधारण सोळाशे हेक्टर जंगल, आणि वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडे चांगल्या वर्षी मीटरभर पडतो आणि तेवढ्यात विश्वामित्री नदी घरात शिरते. त्याच्या चौपट धरा. ‘स्कूल फॉर फील्ड स्टडीज’ ही अशीच दुसरी संस्था, १९८० सालची. तिची केंद्रं टांझानिया, पनामा, भूतान अशा ठिकाणी आहेत. तुमच्या लेकीने कुठलं ठिकाण धरलंय ते पत्रात नाही, आणि तसा फरकही पडत नाही, कारण सगळ्यांचा साचा जवळपास एकच.

पहाटे पाचला उठायचं. गमबूट उलटे करून झटकायचे, मग पायात घालायचे. जाळ्यात अडकलेली वटवाघळं किंवा पक्षी हलक्या हाताने सोडवून मापायचे, पंखाची लांबी, वजन, लगेच सोडून द्यायचे. नाहीतर पन्नास मीटरची फीत जमिनीवर अंथरून तिच्या दोन्ही बाजूंची रोपं मोजत बसायचं. दुपारी व्याख्यान. संध्याकाळी सकाळचे आकडे संगणकात भरायचे आणि त्यांतून काही निघतं का ते संख्याशास्त्राने तपासायचं. पहिले दोन-अडीच महिने हत्यारं हातात बसेपर्यंत असं चालतं, आणि शेवटचे चार-पाच आठवडे प्रत्येकाला स्वतःचा एक प्रश्न घेऊन तो तडीस न्यावा लागतो. प्रश्न सुचणं, तो कापून-छाटून महिनाभरात उत्तर मिळेल एवढा लहान करणं, मग उत्तर उलटं आलं की तोंड वाकडं न करता तसंच लिहिणं. खरं शिक्षण यात आहे. पोस्टरवरचा टुकान पक्षी दिवसातून मिनिटभर दिसतो. उरलेला दिवस मोजणीचा.

आता जांबुघोड्याचं. त्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल, जरा लांब आहे.

पालो वेर्देला पानगळीचं जंगल आहे आणि त्याला लागून मोठी पाणथळ जागा. रामसर यादीतली, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली. पूर्वी तिथे गुरांचे मळे होते, हजारो बदकं उतरायची. जागा संरक्षित झाल्यावर साहजिकच गुरं बाहेर काढली. निसर्ग मोकळा झाला, आता पक्षी वाढतील असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. गुरं तुडवत होती, खात होती म्हणून पाणकणीस, म्हणजे पाण्यात वाढणारं उंच गवत, आवाक्यात होतं. ती गेल्यावर काही वर्षांत पाणकणसाने अख्खं पाणी झाकून टाकलं. उघडं पाणी नाही तर बदकं उतरणार कुठे? मग पुन्हा गुरं सोडून पाहिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावून पाणकणीस चिखलात गाडायची पद्धत आली. भातखाचरात आपण चिखलणी करतो, अगदी तीच. त्यांनी ती भातशेतीतूनच उचलली. पक्षी परतले.

उष्ण प्रदेशातली इकॉलॉजी शिकायला गेलेल्या मुलांना हे तळं दाखवलं जातं, कारण ‘माणूस आणि गुरं हटवली की निसर्ग आपोआप बरा होतो’ ही डोक्यातली समजूत इथे समोरासमोर फुटते.

आणि हेच्या हेच राजस्थानात भरतपूरला झालं. केवलादेव राष्ट्रीय उद्यान होऊन १९८२ साली चराई बंद केली. म्हशी शेकड्यांनी चरायच्या त्या गेल्या. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे पास्पलम नावाच्या गवताने उथळ पाणी गिळलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या माणसांनी तिथे दहा वर्षं राहून काम केलं आणि निष्कर्ष काढला की म्हशी त्या तळ्याचा भागच होत्या. चराईबंदीच्या बाजूने आधी बोलणाऱ्यांत खुद्द सोसायटीची मंडळी होती, हे लक्षात घ्या. आपलंच म्हणणं आपल्याच आकड्यांनी खोडायचं. मी १९८६च्या हिवाळ्यात एम.एस्सी.च्या सहलीबरोबर तिथे गेले होते. सायबेरियन क्रौंच पाहिले. ते पुढे २००२नंतर तिथे आलेच नाहीत. आम्ही क्रौंच बघून हरखलो, फोटो काढले, पेठा घेऊन परत आलो. गवताकडे एकानेही पाहिलं नाही. आमच्या सरांनीही दाखवलं नाही. पंधरा वर्षांनी कुठेतरी वाचताना मला कळलं की तेव्हा माझ्या पायाखाली केवढा मोठा धडा पसरलेला होता.

तर तुमच्या यजमानांचं अर्धं खरं हे, की धडा भरतपूरलाही आहे, जांबुघोड्यालाही असेल. उरलेलं अर्धं असं, की एसटीने जाऊन तो दिसत नाही. दाखवणारं कुणीतरी लागतं, आणि तिथे महिनोन् महिने राहावं लागतं. लेकीला बावीस लाखांत जे विकत घ्यायचंय ते जंगल नव्हेच, तो दाखवणारा माणूस आणि ते चार महिने. तिला हे शब्दांत सांगता आलं नसेल एवढंच.

तिच्या बाजूने अजून एक गोष्ट बोलते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. अभयारण्यात संशोधन करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती असावीच. पण बी.एस्सी.च्या मुलीने अर्ज केला तर तो कुठल्या टेबलावर किती महिने पडून राहील ते तुम्हाला मी सांगायला नको. परदेशी केंद्रांवर परवान्यांचं काम संस्था करते, मुलं पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. वीस वर्षांची असताना वटवाघूळ हातात धरून मापायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. मला ते बत्तिसाव्या वर्षी मिळालं.

मग मी नको का म्हणते?

पहिलं कारण, ही सेमिस्टरं मुळात अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी बेतलेली आहेत. तिथल्या मुलाला चार वर्षांच्या पदवीतलं एक सेमिस्टर बाहेर करता येतं. क्रेडिट्स त्याच्या कॉलेजात जमा होतात, आणि त्या सेमिस्टरची फी तो तसाही घरी भरणारच होता. कित्येकांची शिष्यवृत्तीही तिकडे वळते. आपल्या मुलीचं तसं होत नाही. ती इथली फीही भरणार, तिथली पूर्ण फीही भरणार, आणि परत आल्यावर ती क्रेडिट्स ठेवायला जागा नाही. यूजीसीने २०२२ साली परदेशी विद्यापीठांबरोबर जोड-अभ्यासक्रमाचे नियम केले, त्यांत बाहेरची तीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स धरता येतात, पण आपल्या विद्यापीठाचा त्या संस्थेशी करार असेल तर. म्हणून कुणी कितीही ‘होऊन जाईल हो’ म्हणालं तरी विद्यापीठातून लेखी घ्या. लेखी आधी, फी मागून. जानेवारी ते एप्रिल ती इथे नसेल तर सहावं सेमिस्टर बुडेल, म्हणजे वर्ष गेलं. बावीस लाखांत ते वर्ष कुणी धरलेलं नाही.

दुसरं कारण पैशाचंच, पण वेगळं. एवढे पैसे एकदाच खर्च करता येतात. तुमच्या आईने साठवलेले आहेत, पुन्हा साठवायला आणखी एक आयुष्य लागेल. ज्या मुलीने अजून इथल्या एका तळ्यावर सलग एक हंगाम काढलेला नाही, तिच्यासाठी हा नाकापेक्षा मोती जड. (काढला असेल तर मी हे वाक्य मागे घेते, पण पत्रात तसं काही नाही आणि आई अशी गोष्ट लिहायला विसरत नाही.)

या कामातला कंटाळा सोसतो का, ते आधी कळायला हवं. जंगल आवडणाऱ्या दहा मुलांतली आठ तरी मोजणीला कंटाळतात, असा माझा अनुभव. त्यांचं जंगलावरचं प्रेम खोटं नसतं, फक्त धंदा वेगळा निवडायला हवा.

तर हे वर्ष तिने बडोद्यात कसं घालवावं ते सांगते, आणि हा भाग तिने नीट वाचावा.

बेटा, काळ्या घोड्याच्या पुलावर जा. विश्वामित्रीतल्या मगरी बघायला तिथे रोज माणसं वाकलेली असतात, फोटो काढतात आणि जातात. भर वस्तीतून वाहणाऱ्या नदीत चारशेवर मगरी, २०२५च्या मोजणीतला आकडा, असं शहर जगात शोधून सापडायचं नाही. लोक त्यासाठी विमानाने येतील आणि तू विमानाने बाहेर जायचं म्हणतेस. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दोन-तीन पुलांवरून, दुर्बिणीने. खाली काठावर उतरायचं नाही, एकदाही नाही. ऊन खायला मगरी कुठल्या काठावर येतात, मातीच्या की दगड-काँक्रीटने बांधलेल्या? किती वाजता? थंडीत किती वेळ, उन्हाळ्यात किती? मगर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, थंडी सरता-सरता ते उन्हाळ्यापर्यंत. पिल्लं पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर येतात. २०२४च्या ऑगस्टातल्या पुरानंतर नदीचे काठ नीट करायचं काम निघालं. काठ बदलले की ऊन खायच्या जागा बदलतात का? हा प्रश्न लहान आहे, तुझा आहे, पुलावरून सुटतो आणि त्याला एक रुपया फी नाही.

मगरी नको असतील तर वढवाणा. डभोईच्या पुढचं तळं, सयाजीरावांच्या काळात शेतीसाठी बांधलेलं, ओरसंगचं पाणी वळवून. २०२१ साली ते रामसर यादीत गेलं, म्हणजे पालो वेर्देच्याच पंगतीत बसलं. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात. तिथे गुरं कुठे चरतात, पाणवनस्पती कुठे दाटल्या आहेत, उघडं पाणी किती, आणि बदकं त्यांतल्या कुठल्या भागात बसतात? नोव्हेंबर ते मार्च दर रविवारी एक नकाशा काढ. वर जी भरतपूरची गोष्ट सांगितली ती डोक्यात ठेवून काढ. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाक, म्हणजे तुझ्या आधीच्या लोकांच्या नोंदींशी ताडून बघता येतील आणि तुझं काम नावानिशी, तारखेनिशी राहील.

नोंदी पेन्सिलीने करायच्या. मी पहिल्या वर्षी एका पिंपळावरची बगळ्यांची घरटी मोजत होते, शाईच्या पेनने, अक्षर सुंदर येतं म्हणून. ऐन पावसाळ्यात सायकल घसरली, पिशवी डबक्यात. एप्रिल ते जुलै सगळे आकडे निळ्या डागात गेले. बरोबरची मैत्रीण म्हणाली, साधारण आठवतंय ना, लिहून टाक पुन्हा. आपल्या गावात ‘चालशे’ म्हणून खूप काही चालतं. हे चालत नाही. मी ते वर्ष सोडून दिलं आणि पुढच्या एप्रिलात पहिल्यापासून सुरुवात केली.

मार्चमध्ये तुझ्याकडे चार-पाच महिन्यांच्या नोंदी असतील. त्या घेऊन विभागातल्या एखाद्या मॅडमकडे जा. हल्ली चौथं वर्ष आहे, ऑनर्स विथ रिसर्च. पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के असले की संशोधनाचं वर्ष घेता येतं. ज्या मुलीकडे स्वतःच्या नोंदी आहेत तिला मार्गदर्शक मिळतो. ‘मला वाइल्डलाइफची आवड आहे’ म्हणत येणारी मुलं शिक्षकांना रोज भेटतात.

आणि मार्चपर्यंत कंटाळून सोडून दिलंस, तर तेही आईला खरं सांग. बावीस लाख वाचतील.

ताई, पुन्हा तुमच्याकडे वळते. बाहेर जाण्याचा रस्ता बंद झालेला नाही, तो दोन वर्षं पुढे गेलाय आणि स्वस्त झालाय. देशात डेहराडूनच्या वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचं एम.एस्सी. आहे, बंगळुरूला एनसीबीएसचं (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. आहे. दोन्हीकडे जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा अवघड, पण अभ्यासक्रमातच लांबलचक फील्ड आणि शेवटी महिनोन् महिने जंगलात राहून प्रबंध. कोस्टारिकात चार महिने मिळतात ते इथे दोन वर्षं. परदेशच हवा असेल तर युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेतले एम.एस्सी. बघा, त्यांत इकॉलॉजीचे, समुद्री जीवांचे अभ्यासक्रम असतात, किमान दोन देशांत शिकावं लागतं, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि वर महिना १,४०० युरो, दोन वर्षांपर्यंत. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. स्पर्धा जगभरातून असते. तिथे अर्ज वाचणाऱ्यांना विश्वामित्रीच्या मगरींची दीड वर्षाची वही दाखवता आली तर ती चार महिन्यांच्या विकतच्या प्रमाणपत्रापेक्षा वजनदार ठरेल, याबद्दल मला शंका नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. महाराजांनी पाठवलं असतं हे खरं आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी. पण करार होता : परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी. (परत आल्यावर याच गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, तेही सासूबाईंना माहीत असेल, तेव्हा ते ज्याखाली बसले त्या कमाटीबागेतल्या झाडाजवळून आपण रोज जातो.) महाराज पैसे देण्याआधी विचारत, काय शिकणार आणि त्याचं काय करणार. तुम्हीही तेवढंच विचारा, त्याच सुरात. ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ते अवघड जातं, पण लेक बोलायला लागेल.

भीतीबद्दल लिहिलंय, त्याला उत्तर द्यायला हवं, कारण आज नाही तरी दोन वर्षांनी ती कुठेतरी जाणारच आहे. साप असतात. ला सेल्वाच्या बाजूला ‘तेर्सिओपेलो’ नावाचा भारी विषारी साप आहे; नावाचा अर्थ मखमल. इंचभर लांबीची एक मुंगी आहे, तिला ‘बाला’ म्हणजे बंदुकीची गोळी म्हणतात, कारण डंख बसल्यावर तसंच वाटतं. म्हणून गमबूट, विजेरी, आणि अंधारात एकट्याने न फिरणं, हे तिथले साधे नियम. ज्या मुलीने पुरात घराच्या पायरीशी मगर पाहिली आहे तिला हे समजावणं कठीण नाही. आफ्रिकेत केनियासारख्या देशात जायचं झालं तर पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावरच, निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची आणि लसीचं पिवळं कार्ड जपायचं. नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवस अडकवून ठेवतात.

तुम्ही विचारलं नाहीत ते मात्र मी सांगते. २०१४ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात फील्डवर काम करणाऱ्या ६६६ जणांची पाहणी आली होती. त्यातल्या ६४ टक्के लोकांनी लैंगिक शेरेबाजी-छळ सोसल्याचं सांगितलं, आणि पाचात एकाहून जास्त जणांनी अंगचटीला येणं किंवा त्याहून वाईट. मुलींच्या बाबतीत त्रास देणारे बहुतेक त्यांच्याच चमूतले वरिष्ठ होते. देश कुठलाही असो, जांबुघोडा असो की जंगलातलं परदेशी केंद्र, संस्थेला पत्र लिहून चार गोष्टी विचारायला लेकीला लाजू देऊ नका : तक्रार कुणाकडे करायची, तो माणूस केंद्रावरच असतो की बाहेर, मुलींच्या खोल्या वेगळ्या आहेत का, आणि मध्येच परत यायचं ठरवलं तर पैसे आणि तिकिटाचं काय. जवळचं मोठं हॉस्पिटल किती तासांवर, तेही. जी संस्था या प्रश्नांना सरळ उत्तर देत नाही तिथे फुकट असलं तरी पाठवू नका. मीच एका केंद्रावर, नाव घेत नाही, दीड महिना दाराला आतून खुर्ची लावून झोपले आहे. कुणाला विचारायचं असतं हेच तेव्हा माहीत नव्हतं.

किरकोळ गोष्टी : शाकाहाराची काळजी नको, तिथे सकाळ-संध्याकाळ भात आणि काळा घेवडा असतो, कंटाळा येईल पण उपास पडणार नाही. शिंपले, पिसं, वाळलेली फुलं असलं काहीही बॅगेत घालून आणायचं नाही. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, दोन्हीकडे. पुढे कधी दहा लाखांच्या वर पैसे पाठवायची वेळ आली तर बँक स्वतःच्या पैशांवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, रिटर्नमध्ये तो वळता करून घ्यायला यजमानांना आठवण करा.

माझं मत बदलेल असंही होऊ शकतं. त्या संस्थेनेच निम्म्याहून जास्त फी माफ केली, विद्यापीठाने क्रेडिट्स धरायचं लेखी दिलं आणि तोवर लेकीची एक वही भरलेली असली, तर मला परत लिहा. मग मी एफडीबद्दल वेगळं बोलेन.

तोवर, या रविवारी तुम्ही तिच्याबरोबर वढवाणाला जा. हो, तुम्हीच, यजमान नकोत, ते घड्याळ बघत बसतील. पहाटे निघा, सूर्य वर यायच्या आत बांधावर पोचा. उजाडताना पट्टकादंब तळं आणि शेतं यांच्यात ये-जा करतात, तेव्हाची मोजणी सोपी. एकीने मोजायचं, एकीने लिहायचं. पोरीला मोजू द्या, तुम्ही लिहा. दुर्बीण नसेल तर माझी घेऊन जा, दांडिया बाजारात घर आहे, लेकीला संपादकांकडून पत्ता मिळेल. दुर्बिणीचा डावा डोळा जरा घट्ट फिरतो, जोर लावायचा नाही. थेपले आणि स्वेटर घ्या, आणि पेन्सिली दोन घ्या, एक हमखास चिखलात पडते.